सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स गेममध्ये उभारताना : जमिनीच्या सुरकुत्या कशा उतरवाव्यात?

भूमापक (धागाकर्ता)

मंडळी, गेले पाच महिने रोज रात्री जेवणे आटोपली की तासदीड तास मी एकाच कामाला देत आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स ‘द गोल्फ क्लब 2019’ या गेममध्ये जसाच्या तसा उभा करायचा, हे ते काम. या गेममध्ये स्वतःचे मैदान रचण्याची सोय आहे, आणि खऱ्या जमिनीच्या उंचीची मोजणी थेट त्यात उतरवणारे एक खुले साधन हौशी मंडळींनी तयार केले आहे. पेशाने मी मोजणीच्या क्षेत्रातला असल्यामुळे नकाशे आणि उंचीचे आकडे हाताळण्याची सवय आहे. प्रत्यक्ष गोल्फ मात्र मी टीव्हीवर पाहिला आहे आणि पडद्यावर खेळलो आहे, तेवढाच.

ज्यांचा या मैदानाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ओल्ड कोर्स कोणी एकाने कागदावर आखलेला नाही. समुद्रालगतची वालुकामय जमीन, वारा, चरणारी मेंढरे आणि शतकानुशतके खेळणारी माणसे यांनी मिळून तो घडवला आहे. 1764 साली येथील 22 होलांची, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याच्या टप्प्यांची, 18 झाली आणि पुढे तीच संख्या जगभर रूढ झाली. अठरापैकी चौदा होलांच्या ग्रीन (खळग्याभोवतीची आखूड कापलेली हिरवळ) जोडीने आहेत, म्हणजे दोन होलांना मिळून एक प्रचंड ग्रीन. जोडीतील होलांच्या क्रमांकांची बेरीज प्रत्येक वेळी 18 येते : दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, असे थेट आठवे आणि दहावे यांपर्यंत. पहिले, नववे, सतरावे आणि अठरावे ही चारच होल स्वतंत्र ग्रीनची आहेत. पाचव्या आणि तेराव्याची सामाईक ग्रीन तर पाऊण एकराहून मोठी आहे. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, एकूण 112.

स्कॉटलंड सरकारने विमानातून केलेल्या लेसर मोजणीची, म्हणजे लायडारची, माहिती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. ती घेतली आणि फेअरवे (ग्रीनपर्यंत जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा), ग्रीन, बंकर यांच्या कडा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून आणल्या. सुरुवातीला एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी म्हणून लिहितो. ब्रिटनची मोजणी तेथील राष्ट्रीय ग्रिडवर असते आणि खुल्या नकाशातील अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस 84 या जागतिक प्रणालीवर असतात. एका टप्प्यावर मी हे रूपांतर करायचे विसरलो आणि सगळ्या ग्रीन शंभरेक मीटर सरकून बसल्या. बंकरांची वाळू सपाटीवर आणि बंकरांचे खड्डे भलतीकडे, असे दृश्य दिसल्यावर कारण लक्षात आले, परंतु तोवर तीन आठवड्यांचे हातकाम वाया गेले होते.

आता मैदान दिसायला बरोबर आहे. टीव्हीवरील चित्र आणि गेममधील चित्र शेजारी ठेवले तर क्लबहाऊस, स्विलकन ओढ्यावरचा दगडी पूल, अठराव्याचा रुंद फेअरवे, सारे जागच्या जागी आहे. खेळायला मात्र ते ओल्ड कोर्स वाटत नाही. फेअरवेच्या मधोमध मारलेला चेंडू मधोमधच थांबतो. खऱ्या मैदानावर तोच चेंडू डावी-उजवीकडे वळत, एखाद्या उंचवट्यावरून उतरत, अगदी नको तिथे जाऊन विसावतो, आणि त्या मैदानाची ख्याती त्याच गोष्टीसाठी आहे. उंचीचे आकडे खरे असताना खेळ खोटा का वाटावा, हा माझा प्रश्न आहे. अनुभवी मंडळींनी मार्ग दाखवावा.

रात्रपाळी

आपण उंची किती अंतराच्या चौकटीने, म्हणजे किती मीटरवर एक आकडा घेऊन, उतरवली आहे, हे लिहिलेले नाही. बहुतेक दोन मीटर ठेवले असावे, कारण त्याहून बारीक ठेवले तर फाईल जड होते. माझ्या मते सारा घोळ तिथेच आहे.

तीन मीटर रुंद आणि वीत-दीड वीत उंच असा एखादा उंचवटा घ्या. दोन मीटरच्या चौकटीत त्याच्या वाट्याला एक किंवा दोन बिंदू येतात. शिखर दोन बिंदूंच्या मध्ये पडले तर उंचवटा जवळजवळ नाहीसा होतो, आणि बिंदूवर पडले तरी त्याच्या कडा पसरट होतात. त्यात या साधनातून उतरलेली जमीन गेममध्ये मऊ ब्रशच्या ठशांनी बनते, त्यामुळे उरलेसुरलेही घोटून निघते. डोंगराळ मैदानावर याने फारसे बिघडत नाही, पण ओल्ड कोर्समध्ये मोठे चढउतार नाहीतच. जे काही आहे ते अशाच लहान सुरकुत्यांत आहे.

बंकरांचे तर याहून अवघड आहे. तेथील बंकरांच्या भिंती गवताच्या चिपा एकावर एक रचून जवळपास उभ्या बांधलेल्या असतात. दीड मीटर उंचीची उभी भिंत दोन मीटरच्या चौकटीत आली की तिचा सुमारे 37 अंशांचा उतार होतो. अशा उतारावरून चेंडू टप्पा खाऊन सहज बाहेर येतो, आणि जो खेळाडू खऱ्या मैदानावर मागे वळून, ध्वजाकडे पाठ करून चेंडू काढेल तो गेममध्ये सरळ ग्रीनवर मारतो.

माझी सूचना अशी की साऱ्या मैदानाला एकच चौकट लावू नये. गोर्सच्या झुडपांतील आणि सीमेबाहेरील जमीन चार मीटरने उतरवावी, आणि तिथे वाचलेली जागा ग्रीनचे तोंड आणि बंकरांचा परिसर यांसाठी वापरून तिथे एक मीटर किंवा त्याहून बारीक चौकट ठेवावी. बंकरांच्या भिंती मात्र शेवटी हातानेच, सर्वांत लहान आणि कडक कडेच्या ब्रशने, एकेक करून खोदाव्या लागतील.

काजवा

एक भर घालतो. लेसर मोजणीत गोर्ससारखी दाट, बुटकी झुडपे पुष्कळदा जमीन म्हणूनच नोंदली जातात, कारण किरण खालपर्यंत पोहोचत नाहीत. मोजणीतील बिंदूंमधून फक्त जमिनीच्या वर्गाचे बिंदू घेतले तरी काही उंचवटे खोटे राहतात. हवाई छायाचित्र वर ठेवून ते एकदा तपासावेत. ओढ्याच्या जागीही आकडे बहुधा मिळत नाहीत, कारण अवरक्त किरण पाण्यात शोषले जातात. स्विलकनचे पात्र आपण कसे केले आहे?

भूमापक

रात्रपाळी, तुमचा अंदाज बरोबर आहे, चौकट दोन मीटरचीच होती. तुम्ही म्हणता तसे तुकडे पाडून पुन्हा उतरवतो.

काजवा, स्विलकनचे पात्र मी छायाचित्रे पाहून हाताने केले आहे. पहिल्या ग्रीनच्या अगदी पुढ्यातून ते जाते, आणि दोन्ही काठ बांधीव असल्यामुळे ते तुलनेने सोपे गेले. गोर्सच्या मुद्द्याबद्दल आभार. सहाव्याच्या टीसमोर (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) एक टेकाड मला नेहमी संशयास्पद वाटत आले आहे.

डंडीकर

मी शिक्षणासाठी दोन वर्षांपासून डंडीत आहे. हा धागा वाचला आणि काल रविवार असल्यामुळे 99 क्रमांकाची बस धरून सेंट अँड्र्यूजला जाऊन आलो. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातील लोक तिथे फिरायला येतात. कोणी कुत्री घेऊन येतात, तर कोणी लहान मुलांना. ग्रीनवर किंवा बंकरमध्ये पाऊल न ठेवता मी साडेतीन तास चाललो. जे दिसले ते आपल्या कामाला उपयोगी पडेल असे वाटते म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे टीव्हीवर ही जमीन सपाट दिसते, आणि ती अजिबात सपाट नाही. चालताना पायाला सतत जाणवते. चार पावले चढ, दोन पावले उतार, मग बशीसारखी एक खोलगट जागा, तिच्या पलीकडे पुन्हा फुगवटा. चादर झटकून खाली टाकली आणि ती नीट न करता तशीच सोडली तर जशी दिसेल, तशी ही जमीन आहे.

दुसरे, सतराव्या होलचा रोड बंकर. मी त्याच्या काठावर बराच वेळ उभा होतो. वाळूची जागा माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान निघाली. दोन-तीन माणसे आत उभी राहिली तर हालचालीला अडचण होईल, एवढीच. परंतु त्याच्या भोवतालची जमीन पाहिल्यावर त्याची एवढी धास्ती का, ते कळले. समोरच्या बाजूने, डावीकडून, आणि खुद्द ग्रीनच्या अंगाने, सगळीकडून जमीन हलकेच त्याच्याकडे झुकते. गवत इतके आखूड आणि जमीन इतकी टणक आहे की त्या उताराला लागलेला चेंडू थांबण्याचे काही कारणच नाही. नकाशावर बंकराची जी कड दाखवलेली असते, तिच्या कितीतरी बाहेरून त्याची सत्ता सुरू होते.

तिसरे, बाराव्याच्या टीवरून मला समोर मोकळा फेअरवे दिसला, बंकर एकही नाही. चालत पुढे गेलो आणि मागे वळून पाहिले, तर त्याच फेअरवेत बंकरांची तोंडे माझ्याकडे होती! पूर्वी हे मैदान उलट दिशेने खेळले जात असे आणि ते बंकर त्या दिशेने येणाऱ्यांसाठी आहेत, असे तेथे फिरायला आलेल्या एका आजोबांनी समजावून सांगितले.

छत्री जमिनीवर आडवी ठेवून प्रमाणासाठी साठेक छायाचित्रे घेतली आहेत. आपल्याला ती निरोपातून पाठवतो.

पाणलोट

डंडीकरांनी रोड बंकराचे जे वर्णन केले ते वाचताना मला राहवले नाही. मी आयुष्यभर पाणलोट विकासाचे काम केले आणि गोल्फमधले मला काहीही कळत नाही, पण हा प्रश्न ओळखीचा आहे. तलाव केवढा आहे यापेक्षा त्याचे पाणलोट क्षेत्र केवढे आहे याला महत्त्व असते. तुमचा बंकर म्हणजे लहान तलाव आणि मोठे पाणलोट, असा प्रकार दिसतो.

तुमच्याकडे उंचीचे आकडे आहेतच. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत घ्या आणि प्रवाहाची दिशा व प्रवाहाचा संचय काढा, जसे आम्ही बंधाऱ्याची जागा ठरवताना काढतो. प्रत्येक बंकराकडे कोणकोणत्या जमिनीचा उतार येतो, हे रंगवून समोर येईल. एक काळजी मात्र घ्या. आमच्या कामात पहिली पायरी म्हणजे आकड्यांमधील खळगे बुजवणे, नाहीतर प्रवाह मध्येच अडतो. तुम्ही ती पायरी गाळा. ती केलीत तर तुमचे 112 बंकर पहिल्याच फटक्यात बुजून जातील.

पाणी आणि चेंडू यांत फरक आहे, हेही ध्यानात ठेवावे. पाणी कितीही मंद उतारावर वाहते, चेंडूला गवत अडवते, आणि चेंडू वेगाने येतो तेव्हा तो उताराला जुमानत नाही. त्यामुळे मिळालेल्या नकाशाचा अर्थ चेंडूच्या शेवटच्या काही यार्डांपुरताच घ्यावा.

भूमापक

पाणलोट काका, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत कळत नाही. पाच महिने जे मला शब्दांत सांगता येत नव्हते, ते तुम्ही दोन वाक्यांत मांडलेत.

शनिवार-रविवार हेच केले. एक मीटरच्या आकड्यांवरून आधी खऱ्या जमिनीचा पाणलोट नकाशा काढला, नंतर गेममध्ये उतरलेल्या जमिनीचा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले. फरक पाहून थक्क झालो. खऱ्या जमिनीवर रोड बंकराकडे येणारा भाग ग्रीनच्या डाव्या टोकापर्यंत पसरलेला आहे. गेममधल्या जमिनीवर तो वाळूभोवतीच्या दोन-तीन मीटरांच्या कड्याएवढाच उरला होता. अकराव्याच्या ग्रीनपुढील स्ट्रॅथ बंकराचीही तीच गत. चौकटीने जमीन घोटली गेली तेव्हा खड्डा राहिला आणि त्याच्याकडे येणारी वाट पुसली गेली.

आता पडताळणीसाठी मी एक जुना प्रसंग कसोटी म्हणून घेतला आहे. 1978 च्या ‘ओपन’ या मोठ्या स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा सतराव्याच्या ग्रीनवर दोन फटक्यांत पोहोचला होता. तिथून त्याने पट मारला, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलला, आणि चेंडू ग्रीनवरून घरंगळत थेट रोड बंकरमध्ये गेला. बाहेर निघायला त्याला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याचे नऊ फटके झाले. ग्रीनवरून पट मारलेला चेंडू बंकरमध्ये जाऊ शकत नसेल तर माझे सतरावे होल चुकीचे आहे, असे मी धरून चाललो आहे. पूर्वीच्या आवृत्तीत काही केल्या तो जात नव्हता. ग्रीनच्या डाव्या अंगाचा उतार एक मीटरच्या आकड्यांवरून नव्याने घेतल्यावर काल रात्री साडेअकराला तो पहिल्यांदा गेला. काठावर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. मी घरातल्यांना उठवून दाखवले.

उंचीच्या अचूकतेबद्दल एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. विमानातून केलेल्या मोजणीत उंचीची दहा-पंधरा सेंटीमीटरची चूक धरावीच लागते. फेअरवेवरील सुरकुत्यांना त्याने फारशी बाधा येत नाही, कारण त्या बहुतेक त्याहून मोठ्या आहेत. ग्रीनवर मात्र दहा मीटरांत वीस सेंटीमीटरचा उतार म्हणजे खेळाच्या दृष्टीने पुष्कळ होतो, आणि तिथे मोजणीतील चूक व खरा उतार एकाच मापाचे होऊन बसतात. म्हणून ग्रीनवर मी आकडे थोडे सरासरीने घेतले आहेत, आणि अलिस्टर मॅकेंझी यांनी 1924 साली पूर्ण केलेल्या ओल्ड कोर्सच्या नकाशावरून व डंडीकरांच्या छायाचित्रांवरून ते सुधारत आहे. मॅकेंझींनी हे मैदान बारकाईने मोजले होते, आणि पुढे गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्यांनी अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे मैदान आखले.

रात्रपाळी

नाकाजिमाची कसोटी फार चांगली आहे. जोडीला अठराव्यासाठी 1995 च्या ओपनची कसोटी घ्यावी. कोस्टान्टिनो रोकाचा चेंडू ग्रीनच्या पुढच्या ‘व्हॅली ऑफ सिन’ या खोलगट भागात राहिला होता आणि तिथून त्याने पटरने (पट मारण्याच्या काठीने) मारून थेट खळग्यात घातला, ज्यामुळे जॉन डॅलीशी बरोबरी झाली. पुढे बरोबरी सोडवणारा प्लेऑफ डॅलीने जिंकला ते वेगळे. त्या खोलगटातून पटरने वर चढवता येईल, पण जरा कमी पडला तर चेंडू परत पायाशी येईल, इतकी खोली हवी. बहुतेक जण ती जागा दिसण्यासाठी जास्त खोल करतात आणि मग तिथे पटर चालतच नाही.

वाळवंट

सर्व चर्चा वाचली. ऑगस्टाचा उल्लेख आला म्हणून विचारतो, ते मैदान निवडले असते तर काम सोपे झाले नसते का? तिथले चढउतार मोठे आहेत, दहाव्या होलचा टीपासून ग्रीनपर्यंतचा उतार शंभर फुटांच्या आसपास सांगतात, आणि अमेरिकेतही लायडारची माहिती खुली आहे.

भूमापक

जमिनीपुरते बोलायचे तर नक्कीच सोपे झाले असते. ते मैदान 2011 साली आलेल्या ‘टायगर वूड्स पीजीए टूर 12’ या गेममध्ये अधिकृतपणे, लेसरने मोजून, घेतलेही गेले आहे. मला ओल्ड कोर्स हवा होता तो एका कारणासाठी. ऑगस्टा हा खासगी क्लब आहे. ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, त्याचा कारभार 1974 साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला न्यास पाहतो, आणि डंडीकरांसारखा आपल्यातला कोणीही रविवारी तिथे जाऊन माझी चूक दाखवून देऊ शकतो. अशी पडताळणी मला ऑगस्टाबाबत कधीच करता आली नसती.

हिरवळ

जमीन बरोबर केल्यावर वेग आणि वारा बिघडवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गेममध्ये प्रसिद्ध मैदान म्हटले की रचनाकार ग्रीनचा वेग, म्हणजे तिच्यावर चेंडू घरंगळण्याचा वेग, सर्वांत वरच्या पातळीवर नेऊन ठेवतात. सेंट अँड्र्यूजला ते खोटे ठरेल. तिथे वारा असा असतो की ग्रीन फार वेगवान ठेवल्या तर चेंडू थांबणारच नाहीत. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी सकाळी ग्रीनवर थांबलेले चेंडू वाऱ्याने हलू लागले आणि खेळ दहा तासांहून अधिक काळ थांबवावा लागला. म्हणून ग्रीनचा वेग मध्यम, फेअरवेची जमीन मात्र सर्वांत टणक, असे ठेवावे. तसे केले तरच आपण आणलेल्या सुरकुत्या चेंडूला हात लावतील. जमीन मऊ ठेवलीत तर चेंडू पडेल तिथे रुतेल आणि पाच महिन्यांचे काम कोणाला दिसणारही नाही.

वाऱ्याचे म्हणाल तर हे मैदान मेंढपाळाच्या काठीसारखे आहे, सरळ जाते, टोकाला वळसा घेते आणि परत येते. जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तो तोंडावरच असणार. सातव्यापासून बाराव्यापर्यंतच्या वळशात मात्र दर होलला तो बदलतो. एकच दिशा निवडून तीवर सारे मैदान तपासू नका. निदान चार दिशांनी प्रत्येकी एक फेरी खेळा.

डंडीकर

वाऱ्याबद्दल पूर्ण सहमत आहे. परवा अकराव्याच्या टीपाशी, ईडन नदीच्या मुखाकडे तोंड करून उभे राहताना टोपी हातात धरावी लागत होती, आणि तासाभराने क्लबहाऊसजवळ तिची गरजही भासली नाही.

एक प्रश्न आहे. जमीन जर तीच असेल तर उलट दिशेने खेळण्याची आवृत्तीही आपल्याला करता येईल ना? पहिल्या टीवरून सतराव्याच्या ग्रीनकडे, मग अठराव्याच्या टीवरून सोळाव्याच्या ग्रीनकडे, असा तो क्रम असतो. बाराव्यावर मी जे बंकर पाठमोरे पाहिले, ते तिथे समोरून येतील.

भूमापक

करता येईल आणि करणारच. मात्र आधी सतरावे पूर्ण होऊ द्या, कारण त्यात अजून दोन गोष्टी बाकी आहेत. तिथे टीवरून फेअरवे दिसतच नाही. जुन्या रेल्वेच्या शेडांच्या जागी उभ्या केलेल्या हिरव्या इमारतीच्या डोक्यावरून चेंडू न्यावा लागतो, आणि 2010 पासून टी मागे सरकवल्यामुळे ते होल 495 यार्डांचे झाले आहे. ती इमारत मी शोभेची वस्तू म्हणून ठेवली होती, परंतु तिची उंची चुकली तर होलची सारी आखणी चुकते. दुसरे म्हणजे ग्रीनमागचा रस्ता. तो सीमेबाहेर नाही, चेंडू जिथे थांबेल तिथूनच, डांबरावरून, खेळावा लागतो. माझ्या आवृत्तीत रस्ता आणि त्यामागची दगडी भिंत यांच्यामध्ये अजून पुरेशी जागा नाही.

डंडीकर, पुढच्या रविवारी हवा बरी असेल आणि आपल्याला सवड असेल, तर तेवढे अंतर पावलांनी मोजून कळवाल का? ग्रीनची मागची कड ते रस्ता, रस्त्याची रुंदी, आणि रस्ता ते भिंत, अशी तीन वेगवेगळी मापे हवी आहेत. आपले एक पाऊल साधारण किती सेंटीमीटरचे पडते तेही सोबत लिहावे.

डंडीकर

अवश्य. रविवारी पावसाचा अंदाज आहे, पण जाईन. पाऊल 74 सेंटीमीटरचे आहे, आताच वसतिगृहाच्या मार्गिकेत टेपने मोजून पाहिले.